चालतोय, पण कंपाइल होत नाही

परवापर्यंत नीट चालणारा प्रोग्राम आजही नीट चालतो. पण त्याचाच सोर्स कोड, एक अक्षरही न बदलता, पुन्हा कंपाइल करायला घेतला की एररचा पाऊस पडतो. मधल्या काळात झालं एवढंच, की एक लायब्ररी अपग्रेड झाली.

नहरीतून येणाऱ्या पाण्यावर जशी पाणचक्की फिरते, तसे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम जीलिबसी या एका लायब्ररीवर चालतात. फाइल उघडणं असो की मेमरी मागणं, सगळं तिच्यामार्फत. ऑगस्ट २०१७मध्ये तिची २.२६ ही आवृत्ती आली. रिलीज मॅनेजर होते सिद्धेश पोयरेकर. त्या आवृत्तीत 'एक्सलोकेल डॉट एच' ही जुनी हेडर फाइल काढून टाकली गेली, आणि 'स्ट्रक्ट युकॉन्टेक्स्ट' हे नाव बदलून 'स्ट्रक्ट युकॉन्टेक्स्ट_टी' झालं. तेवढ्याने ठिकठिकाणची पॅकेजेस अडली.

खरी गंमत त्या दुसऱ्या बदलात आहे. प्रोग्राम चालू असताना मध्येच सिग्नल आला, की प्रोसेसरची त्या क्षणाची स्थिती या स्ट्रक्चरमध्ये ठेवली जाते. कंपाइल झालेल्या प्रोग्रामला त्याच्या नावाशी देणंघेणं नसतं. अमुक माहिती सुरुवातीपासून किती बाइटांवर आहे, एवढंच मशीन कोडमध्ये उरतं. ती मांडणी तशीच राहिली, म्हणून जुने प्रोग्राम बिनबोभाट चालत राहिले. नाव लागतं ते फक्त कंपायलरला, सोर्स वाचताना. तिथे ते सापडेना, म्हणून तो थांबला.

मग नाव बदललंच कशाला? पॉझिक्स मानकाने लायब्ररीसाठी राखून ठेवलंय ते '_टी' लागलेलं नाव. नुसतं 'युकॉन्टेक्स्ट' हे नाव स्वतःच्या कामासाठी वापरायचा प्रोग्रामरला पूर्ण हक्क आहे, आणि लायब्ररी त्या जागेवर बसून होती. मला हा बदल रास्त वाटतो, त्रास झाला तरी.

आणि अडलं कोण? खुद्द जीसीसी! ज्या कंपायलरने बाकी सगळं कंपाइल करायचं, त्याचाच सोर्स कंपाइल होईना. एक्सेप्शन आल्यावर फंक्शनांची साखळी उलटी उलगडणारा त्याचा भाग हेच स्ट्रक्चर वाचतो.

या दुरुस्तीचा पॅच उघडून पाहिला तर थक्क व्हायला होतं. वजा चिन्हाच्या ओळीत 'स्ट्रक्ट युकॉन्टेक्स्ट', खाली अधिकच्या ओळीत 'युकॉन्टेक्स्ट_टी'. बस्स. मात्र प्रत्येक प्रोसेसरची फाइल वेगळी, त्यामुळे इंटेल, एआरएम, अल्फा अशा एकेका फाइलमध्ये तोच बदल. हेडरचं तर आणखी सोपं: 'एक्सलोकेल'ऐवजी 'लोकेल' लिहायचं. काहींनी जुन्या नावाची सिमलिंक करून वेळ मारून नेली. ती त्या एकाच मशीनपुरती. पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवला, तर पुढच्या प्रत्येकाचं काम वाचतं.

जीसीसी ७.२मध्ये ही दुरुस्ती आली. त्याआधी निघालेलं जीसीसी नव्या जीलिबसीवर बांधायचं असेल, तर तो पॅच आजही हाताने लावावा लागतो.