मोकळ्या लहरी, पाळीचं पाणी

मैत्रिणींनो, बचत गटाची नोंद मोबाइलवर भरायला आम्ही रेंजसाठी टेकडी चढतो. आणि डोक्यावरच्या कितीतरी लहरी मोकळ्या पडून असतात! टीव्हीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १५ चॅनल बसतात; आयआयटी मुंबईच्या अभ्यासात जवळपास देशभर त्यातले किमान १२ रिकामे आढळले. मग त्यांनी पालघरच्या खामलोली परिसरात त्याच लहरींवर गावांत इंटरनेट पोचवून पाहिलं. या लहरी झाडाझुडपांतूनही लांब जातात.

पण सगळे एकदम बोलले तर गोंधळच. आपल्या पांझरेवरच्या फडात पाटकरी पाळीने पाणी देतो ना, तसं इथे संगणकातली नोंदवही सांगते, कुठे कोणता चॅनल मोकळा. यंत्राने आधी विचारायचं, मगच बोलायचं. पहिला हक्क टीव्हीचा. त्याला लागला की बाकीच्यांनी चॅनल सोडायचा.