टपकतंय इथे, गळतंय तिथे!

कन्व्हर्टिबल गाडी म्हटली की डोळ्यांसमोर काय येतं? समुद्राकाठचा रस्ता, गॉगलवाला हिरो आणि वाऱ्यावर उडणारी ओढणी! सिनेमात एक सीन मात्र कधीच दाखवत नाहीत. पाऊस सुरू झालाय, कापडी छप्पर ओढून घेतलंय, आणि तरीही हिरोच्या मांडीवर टप... टप... टप... चालूच आहे. हा लेख त्या न दाखवलेल्या सीनबद्दल आहे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सगळ्या बाइक आणि वॉर्डन सरांची एक कार. इथे कन्व्हर्टिबल कुठून आली? बरोबर आहे. माझी तिच्याशी ओळख झाली ती मामाच्या जीपमुळे.

आंबा घाटातली रात्र

मामा देवरुखला राहतो. त्याच्याकडे कापडी हूडची जुनी जीप आहे. पाइपच्या कमानी, त्यावर ताणलेलं जाड कापड आणि कडेला पट्टे नि टिचबटणं. दुमडत्या छपराचा हा सगळ्यात साधा नमुना. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आजीचे डोळे दाखवायला आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. येताना आंबा घाट उतरायला लागलो तेव्हा अंधार पडला होता, धुकं होतं आणि पाऊस नुसता कोसळत होता. अशात एका वळणावर दोन्ही हेडलाइट एकदम गेले. मागे ट्रक होता. मामाने जीप कशीबशी डोंगराच्या कडेला घेतली. आजी मोठमोठ्याने रामरक्षा म्हणायला लागली.

डॅशबोर्डखाली टॉर्च मारली तर फ्यूज बॉक्स ओलाचिंब. विंडशील्डच्या फ्रेमवरून पाण्याची धार बरोबर त्याच्यावर येत होती. "तीन वर्षं झाली, दर मे महिन्यात इथे सिलिकॉन भरतोय. तरी गळतंच!" मामा वैतागून म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात जीप रत्नागिरीत एका कुशनवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी मामाच्या सिलिकॉनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जीप उतारावर, तोंड खाली करून उभी करायला लावली आणि मधल्या कमानीवर मगाने पाणी ओतलं. दोन मिनिटांत पुढे फ्यूज बॉक्सवर टपटप सुरू! मी बघतच राहिले. चाचा हसून म्हणाले, "पाणी कुठे पडतंय ते नको बघू बेटा, कुठून चालत आलंय ते बघ."

झालं असं होतं की मधल्या कमानीवरची शिवण चार बोटं उसवली होती. तिथून आत शिरलेलं पाणी पाइपला चिकटून पुढे चालत जायचं, आणि तेही उतारावरच! घाट चढताना सगळं कोरडं, उतरताना गळती. मामा तीन वर्षं चुकीच्या जागेवर औषध लावत होता. तेव्हापासून मला या विषयाचं वेडच लागलं. जे वाचलं, पाहिलं, ते आता सोप्या भाषेत सांगते.

नुसतं कापड पाणी अडवत नाही

दुमडतं छप्पर मोटारीपेक्षा जुनं आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाडीचा मागे पडणारा हूड आठवा. सुरुवातीच्या मोटारींनी तोच उचलला. पुढे १९३९ साली अमेरिकेत प्लिमथ गाडीला यंत्राने उघडणारं छप्पर आलं. नंतर हायड्रॉलिक पंप आले, इलेक्ट्रिक मोटर आल्या. पण आत तत्त्व तेच राहिलं: कमानी, त्यांवर कापड आणि कापडात ताण.

कापड दोन जातींचं असतं. एक आपलं रेक्झिनसारखं, म्हणजे विणलेल्या कापडावर पीव्हीसीचा थर. दुसरं महागड्या गाड्यांचं, तीन पदरी. वर ॲक्रिलिक धाग्याचं कापड, मध्ये रबराचा पातळ थर आणि आतून अस्तर. ॲक्रिलिकचा रंग धागा ओढायच्या आधीच मिसळलेला असतो. गाजर कुठेही कापा, आत केशरीच, तसं. म्हणून ते उन्हात लवकर विटत नाही.

यातला पाणी अडवणारा थर चांगला असेल तर कापडातून सहसा पाणी येत नाही. ते येतं शिवणीतून. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक खिडकी. धागा भोकात घट्ट बसलाय आणि पाणी वरून पटकन वाहून जातंय तोवर ठीक. पण पाणी तिथे थांबलं की केशाकर्षणाने धाग्यातून झिरपत आत येतं. त्यात धागा वर उघड्यावर असतो, ऊन खातो आणि कापडाच्या कितीतरी आधी कुजतो. कापड ठणठणीत आणि शिवण मेलेली, असं बहुतेक जुन्या छपरांचं होतं.

मांडवाचं पोट

मग पाणी थांबतं का? गणपतीच्या मांडवात याचं उत्तर सगळ्यांनी पाहिलंय. ताडपत्री सैल पडली की तिला पोट येतं, पोटात पाणी साचतं, पाण्याच्या वजनाने पोट आणखी वाढतं. मग मंडळाचा एखादा कार्यकर्ता काठीने खालून ढोसतो आणि नेमकं पाहुण्यांच्या अंगावर पाणी!

मेकॅनिक्समध्ये आपण केबलचा झोळ काढतो तेच हे गणित आहे. झोळ = भार × अंतराचा वर्ग ÷ (८ × ताण). ताण निम्मा झाला की झोळ दुप्पट. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की झोळ चौपट. आणि एक चौरस मीटरवर फक्त १ सेंटीमीटर पाणी साचलं तरी ते १० लिटर, म्हणजे १० किलो. मामाच्या जीपच्या मधल्या कमानीचा एक पाय वाकला होता. त्यामुळे कापड सैल, त्यामुळे वर डबकं, डबक्याखाली शिवण. उसवणार नाही तर काय!

गाडी पळायला लागली की उलटा प्रकार. ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेचा गतिज दाब साधारण ४६० पास्कल होतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४७ किलो. तो सगळाच्या सगळा छपरावर येत नाही, पण वरची हवा वेगाने जात असल्यामुळे कापड वर ओढलं जातं आणि फुगतं. सैल कापड फडफडतं आणि प्रत्येक फडफडीत शिवणीला हिसका बसतो. म्हणून दुरुस्तीचा पहिला प्रश्न "भोक कुठे आहे?" हा नाही. "ताण का गेला?" हा आहे.

पाण्याला वाट द्या

आता खऱ्या कन्व्हर्टिबलकडे येऊ. १९८९ साली आलेली माझ्दा एमएक्स-५ ही छोटी दोन सीटची गाडी घ्या. तिचं छप्पर हाताने उघडायचं. मागची खिडकी पारदर्शक प्लॅस्टिकची, झिपवाली. आधी झिप सोडून खिडकी सपाट ठेवायची, मगच छप्पर दुमडायचं. कंटाळा केला की प्लॅस्टिकला घडी पडते, मग ते पांढरं होतं, मग तडकतं. १९९८ च्या पुढच्या मॉडेलला कंपनीने काचेची खिडकी दिली.

पण मला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. छपरावरून मागे येणारं पाणी सीटच्या मागे एका पन्हळीत पडतं आणि तिथून दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांपुढे खाली जातं. म्हणजे डिझायनरने धरूनच चाललंय की पाणी इथवर येणार. त्याला बाहेरची वाट हवी. आता गाडी झाडाखाली लावली, पानं-माती नळीत अडकली, की पाणी तुंबून कार्पेटमध्ये उतरतं. थेंबे थेंबे तळे साचे, तेही गाडीच्या आत! मालकाला वाटतं कापड फाटलं. तो नवीन छपराचा खर्च करतो. नवंकोरं छप्पर आणि खाली तळं तसंच.

दुरुस्ती कशी करायची

१. आधी शोध. एकाने आत टॉर्च आणि खडू घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. सुरुवात नेहमी खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरू केलं तर सगळीकडे ओलं होतं आणि काहीच कळत नाही. आत वर्तमानपत्राचे कागद लावले तर पहिला डाग लगेच दिसतो. गाडी सपाट जागी कोरडी राहिली तर चढावर आणि उतारावर लावून बघा.

२. नळ्या साफ करा. कडक तार घालू नका, नळी फाटते. जाड नायलॉनची दोरी चालते. जोरात हवा मारली तर नळी आतल्या आत सुटू शकते.

३. सांगाडा आणि ताण. वाकलेली कमान, ढिला पट्टा, सुटलेलं स्क्रू. कडेला कापड आत खेचून धरणारी बारीक केबल असते. ती तुटली की कापड काचेच्या वरच्या रबरापासून दूर राहतं आणि पाणी आत येतं. भाग क्षुल्लक, त्रास मोठा. हायड्रॉलिक छप्पर असेल तर आधी सांगाड्याला पक्का टेकू द्या. दाब गेला की तो धाडकन खाली येतो. बोटं तुमचीच आहेत!

४. शिवण. कापड चांगलं असेल तर वाकड्या सुईने, पॉलिएस्टरच्या जाड धाग्याने, जुन्याच भोकांतून टाके घालायचे. शेजारी नवी भोकं पाडली तर पोस्टाच्या तिकिटांसारखी फाडायची रेघ तयार होते. मग वरून शिवणीचं लवचीक सीलर लावायचं.

५. ठिगळ. कोपरे गोल कापायचे. चौकोनी कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि तिथूनच ठिगळ उचकटतं. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन आपण परीक्षेत लिहितो, चाचा ते न शिकता कात्रीने करतात. ठिगळाखालचं कापड धुऊन, पूर्ण वाळवून मगच सोल्युशन लावायचं. नेमक्या घडीच्या रेषेवर ठिगळ टिकत नाही.

६. काच सुटली असेल तर. मागची काच कापडाला चिकटवलेली असते आणि छप्पर बंद असताना कापड तिला सतत ओढत असतं. म्हणून छपराची कडी सोडून, ताण काढून मगच चिकटवायची आणि गोंद पूर्ण धरेपर्यंत तशीच दाबून ठेवायची. घाईत छप्पर बंद केलं की मेहनत पाण्यात.

७. नवीन कापड घालायची वेळ आलीच तर जुनं फेकू नका. तोच तुमचा नमुना. मध्यरेषेवर खडूने खूण करून, आधी कच्चं अडकवून, छप्पर एकदा बंद करून बघा आणि मगच पक्कं ठोका.

आणि एक पथ्य. ओलं छप्पर घडी घालून ठेवायचं नाही. बुरशी धरते, वास येतो, अस्तर कुजतं. आपल्या रेनकोटचा अनुभव आहेच!

चाचांचा हिशोब

मामाच्या जीपला किती वेळ लागला सांगू? टाके घालायला अर्धा तास. कमानीचा पाय सरळ करायला आणखी अर्धा तास. आणि मामाने तीन वर्षं भरलेलं सिलिकॉन खरवडायला अख्खी दुपार! सिलिकॉनवर दुसरं काहीच धड चिकटत नाही, त्यामुळे ते काढल्याशिवाय पुढे जाताच येईना. घाईघाईत केलेली दुरुस्तीच सगळ्यात महाग पडली. लोकांनी तर मामाला सांगितलं होतं की हूड भंगारात दे आणि पत्र्याचं छप्पर करून घे. चाचांनी तोच हूड परत चढवला. गेल्या पावसाळ्यात मामा आजीला घेऊन पुन्हा त्याच घाटातून रात्रीचा उतरला. फ्यूज बॉक्स कोरडा होता. आजीने रामरक्षा म्हटलीच, पण या वेळी हळू आवाजात.

हे सगळं मी लिहिलं त्याला एक कारण आमच्या हॉस्टेलमध्येही आहे. पावसाळ्यात छत गळायला लागलं की आपण काय करतो? पलंग सरकवतो, खाली बादली ठेवतो आणि गप्पा मारत बसतो. सर येतात, डाग पडलाय तिथे रंग मारून घेतात. पुढच्या वर्षी डाग दोन फूट पलीकडे! या वर्षी एकदा गच्चीवर जाऊन बघूया का? बहुतेक पन्हळीच्या तोंडाशी पिंपळाची पानं आणि चिप्सची पाकिटं अडकली असतील. आणि ती पाकिटं कुणाची, हे विचारायची गरजच नाही!