या खेपेला पिशव्या सोडल्या!

मैत्रिणींनो, आज एक काम करा. कपाटातला जुना आल्बम काढा आणि सहलीचे फोटो नीट बघा. महाबळेश्वरचा पॉइंट असो नाहीतर गणपतीपुळ्याचा समुद्र. फोटोत नवरा आहे, मुले आहेत, सासूबाई आहेत, बरोबर आलेली शेजारच्या वहिनींची मुलगीसुद्धा आहे. आणि तुम्ही कुठे आहात? तुम्ही पिशव्यांजवळ आहात! फोटोच्या कडेला पदर दिसतोय ना, त्या तुम्हीच.

माझ्याकडेही असा एक फोटो आहे. फरक एवढाच, की तो साता समुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’मधला, १९८५ सालच्या मे महिन्यातला. परवा, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, चाळीस वर्षांनी मी पुन्हा तिथे जाऊन आले. त्याचीच ही हकीकत.

बारा रुपयांचा डॉलर

१९८५ साली माझे थोरले दीर अटलांटाला होते. त्यांनी आग्रहाने आम्हां तिघांना बोलावून घेतले. हे, मी आणि सात वर्षांचा आमचा मुलगा. त्या वेळी डॉलर साधारण बारा रुपयांना मिळे, आणि परदेशी चलन हातात पडायचे म्हणजे मोजून मापून. मी पर्समध्ये एक पाकीट ठेवले होते आणि प्रत्येक गोष्टीला मनातल्या मनात बाराने गुणत होते. आइस्क्रीम? गुणिले बारा. फुगा? गुणिले बारा. अमेरिका पाहण्यापेक्षा माझा बाराचा पाढाच जास्त पक्का झाला म्हणा ना!

दिरांनी गाडीतून सात-आठ तासांचा प्रवास करून आम्हांला ऑर्लँडोजवळच्या या जादूनगरीत नेले. गाडी ठेवायची एकीकडे, मग तळ्यातून फेरीबोटीने किंवा एकेरी रुळावरच्या मोनोरेलने पलीकडे जायचे, आणि मग समोर सिंड्रेलाचा १८९ फूट उंच किल्ला! मी गोल साडी नेसलेली, पायांत कॅनव्हासचे बूट. तशीच फिरत्या चक्रातल्या लाकडी घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसले. हे घोडे १९१७ सालचे, हे मला पुढे फार वर्षांनी कळले. आपल्या आजीच्या वयाचे घोडे, आणि काय तुकतुकीत ठेवलेत!

पण दिवसभरात मी बसले ती एवढ्याच खेळात. बाकी वेळ मी होते पिशव्यांजवळ. मुलाचे कपड्यांचे दोन जोड, छत्र्या, जाऊबाईंच्या तान्ह्या मुलीचे लंगोट आणि दुधाच्या बाटल्या, कॅमेऱ्याची पेटी, लिमलेटच्या गोळ्या. संध्याकाळी सगळे नदीतल्या मोठ्या बोटीत बसायला निघाले. तीन मजली पांढरी बोट, मागे पाणी कापणारे मोठे लाल चाक. हे म्हणाले, “चल की.” मी म्हटले, “तुम्ही व्हा पुढं. पिशव्या कोण सांभाळणार?” आणि काठावरच्या बाकड्यावर बसून राहिले. ह्यांनी बोटीतून माझा फोटो काढला. सात पिशव्या आणि मी. हात हलवतेय.

बोटीत पिशव्या न्यायला कुणाची मनाई नव्हती, बरं का! पण ते मला सुचलेसुद्धा नाही.

धाकट्याचे स्वप्न, थोरल्याचे हात

या जागेची कथाही सांगण्यासारखी आहे. मिकी माऊसचे जनक वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. पुढे त्यांना त्याहून फार मोठी जागा हवी झाली. नाव कळले तर जमिनीचे भाव आभाळाला भिडतील, म्हणून १९६४-६५ च्या सुमारास वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली गेली. बहुतेक सगळी दलदल आणि रान! पण काम उभे राहण्याआधीच, १९६६ च्या डिसेंबरमध्ये, वॉल्ट गेले.

त्यांचा थोरला भाऊ रॉय आठ वर्षांनी मोठा, निवृत्त व्हायला निघालेला. त्याने निवृत्ती बाजूला ठेवली आणि काम हाती घेतले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी दारे उघडली, तेव्हा त्यानेच आग्रह धरून नावात भावाचे पूर्ण नाव घातले, ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉयही गेला. धाकट्याचे राहिलेले काम पुरे करण्यापुरताच जणू थांबला होता. हे वाचले आणि मला आमचे दीर आठवले. आठ तास गाडी हाकून धाकट्या भावाला जादूनगरी दाखवणारे!

सुरुवातीला मोठ्या माणसाला प्रवेश साडेतीन डॉलर होता आणि खेळांची कुपने वेगळी. १९८२ मध्ये कुपनांची वह्यापुस्तके बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळे खेळ आले. आज एका दिवसाचे तिकीट शंभर डॉलरच्या पुढेच असते, आणि तारीख गर्दीची असेल तर आणखी चढते. मी या खेपेला गुणाकार करायचाच नाही असे ठरवले होते. दोनदा चुकून केला. मग चक्करच आली म्हणून सोडून दिला!

गृहिणीला कौतुक वाटावे अशी एक गोष्ट मात्र सांगतेच. आपण ज्या रस्त्यांवरून फिरतो, तो खरा म्हणजे दुसरा मजला! तिथे जमिनीखाली लगेच पाणी लागते, म्हणून तळे खणताना निघालेली माती टाकून जागा उंच केली आणि खाली बोगद्यांचे जाळे ठेवले. कामगार, सामानसुमान, वेषांतर केलेली पात्रे सगळी खालून ये-जा करतात. कचरासुद्धा मोठमोठ्या नळ्यांतून हवेच्या दाबाने खेचून नेतात. पाहुणे बाहेरच्या खोलीत आणि राबता मागच्या दारी. आपल्या वाड्यांची रीत याहून वेगळी काय होती?

फोनवरची जादूनगरी

हे जाऊन आता सहा वर्षे झाली. मुलगा अमेरिकेतच असतो. नात आठ वर्षांची झाली, तेव्हा तो म्हणाला, “आई, चल. मी तुझ्या नातीएवढा असताना गेलो होतो ना, तिथं जाऊ.” मी बहात्तर वर्षांची. गुडघे माझे म्हणणे ऐकत नाहीत. तरी निघाले.

पूर्वी एकच उद्यान पाहून आम्ही परतलो होतो. आता तिथे चार मोठी उद्याने आहेत. एपकॉट १९८२ चे, स्टुडिओ १९८९ चे, प्राण्यांचे १९९८ चे. पूर्वी हातात नकाशा असायचा, आता सगळे फोनमध्ये. तिकीट फोनमध्ये, जेवणाची मागणी फोनमध्ये, कुठल्या खेळाला किती मिनिटांची रांग आहे तेही फोनमध्ये. १९९९ साली रांग चुकवायची चिठ्ठी फुकट मिळू लागली होती म्हणे. २०२१ पासून त्याचे पैसे पडतात. चिरंजीव भल्या पहाटे उठून फोनवर बोटे नाचवत बसलेले. मला बापडीला वाटले, ऑफिसचे काम करतोय!

पहिल्याच दिवशी मी नवे सँडल घालून गेले आणि दुपारपर्यंत टाचांना फोड. चूक माझीच. सूनबाई म्हणाल्या, “आई, चाकांची खुर्ची घेऊ या.” मी साफ नाही म्हटले. खुर्चीत बसायला मी काय आजारी आहे? पण नात म्हणाली, “आजी, मी ढकलते, तू राणी.” राणीला नाही कसे म्हणणार? बसले. आणि तुम्हांला खरं सांगते, त्या खुर्चीमुळेच मी पुढचे तीन दिवस पाहू शकले.

एपकॉटमध्ये एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. मेक्सिको, जपान, मोरोक्को, नॉर्वे... आपला भारत काही त्यांत नाही. थोडी हिरमुसले. पण प्राण्यांच्या उद्यानात गेलो तर काय, चक्क ‘आनंदपूर’! आशिया खंडातले एक काल्पनिक गाव. पडक्या राजवाड्याच्या भिंती, त्यांवरची पुसट चित्रे, दोऱ्यांवर पताका आणि पलीकडे खरेखुरे वाघ. भिंतींचे रंग मुद्दाम, पैसे खर्चून, उडवलेले! मी म्हटले, “अरे, आपल्या नाशिकच्या वाड्याचा रंग तर फुकटात उडाला होता.” मुलगा इतका हसला, की आजूबाजूचे लोक वळून बघू लागले.

ती बोट

शेवटच्या दिवशी पुन्हा त्या जुन्या उद्यानात गेलो. घोड्यांचे चक्र तसेच होते. संध्याकाळी नदीपाशी आलो. तीच पांढरी बोट, तेच लाल चाक. नाव मात्र १९९६ पासून ‘लिबर्टी बेल’.

माझ्या मनात चाळीस वर्षे एक काटा होता. त्या दिवशी मुलाने मिकीचे कान असलेली, मागे नाव शिवून देतात ती टोपी मागितली होती आणि मी पाकीट घट्ट धरून नाही म्हटले होते. घरी आल्यावर काळ्या ब्लाउजपीसची, पुठ्ठा घालून, मी शिवून दिली होती. पण ती ती नव्हे, हे त्याच्या तोंडावर दिसले होते. बोटीच्या रांगेत मी त्याला ते सांगितले. म्हटले, “तेव्हा घेऊन द्यायला हवी होती रे.”

तो म्हणाला, “टोपी? मला आठवतसुद्धा नाही गं. मला आठवतं ते हे बाकडं. बोट सुटली आणि तू काठावर लहान लहान होत गेलीस. मला वाटलं, आपण आईला सोडून चाललो. मी रडायला लागलो, तर बाबा म्हणाले, अरे, बोट गोल फिरून इथंच येते. तरी येईपर्यंत मी काठाकडेच बघत होतो. बोटीतलं काहीच पाहिलं नाही.”

मैत्रिणींनो, मला काय बोलावे सुचेना. मी ज्याचा चाळीस वर्षे घोर केला ते त्याच्या गावीही नव्हते. आणि ज्याला मी त्याग समजत होते, तोच त्याला सलत होता. मी पैसे वाचवले म्हणून नव्हे, त्याच्याजवळ नव्हते म्हणून!

या खेपेलाही पिशव्या होत्याच. खुर्ची खाली ठेवली आणि पिशव्या खांद्याला अडकवून सगळेच बोटीत चढलो. वाफेचे इंजिन खरे, पण बोट चालते पाण्याखालच्या रुळावरून. कप्तानाला ती कुठे वळवताच येत नाही. मधल्या बेटाला वळसा घालून सुमारे सतरा मिनिटांत परत धक्क्याला. ह्यांनी मुलाला सांगितले ते अगदी खरे होते. मी कठड्याला धरून उभी होते, आणि काठावरच्या बाकड्याकडे मुद्दाम पाहिले. तिथे एक बाई बसली होती. कुठल्या देशाची कोण जाणे. मांडीवर तीन पिशव्या, पायाशी दोन! मी तिला हात केला. तिनेही केला.

मी परत आल्यावर महिन्या-दीड महिन्यात मुलाचा फोन आला. ६ जुलै २०२५ ही त्या नदीची शेवटची तारीख ठरली. बोट, बेट, नदी सगळे कायमचे बंद. ‘कार्स’ या चित्रपटावरची नवी जागा तिथे व्हायची आहे. तसे २०२४ सालीच जाहीर झाले होते. मुलाला ते ठाऊक होते. म्हणूनच त्याने मेमध्येच जायची घाई केली होती. मला मात्र एका शब्दाने बोलला नव्हता.

जाणार असाल तर...

• नवी चप्पल, नवा बूट अजिबात नको. महिनाभर आधी वापरलेलाच घाला. दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते.

• गुडघे दुखत असतील तर चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. लाज धरू नका.

• घरचे खाणे आत नेता येते, मात्र काचेची बरणी चालत नाही. दशम्या, कोरडी चटणी, खाकरे उत्तम. खाण्याच्या झटपट दुकानांत बर्फाचे पाणी मागितले तर फुकट देतात.

• उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेलाच. छत्रीपेक्षा घडीचा रेनकोट बरा.

• लहान मूल मोठ्या खेळात बसू शकत नसेल, तर एकाने मूल सांभाळायचे आणि नंतर त्याने पुन्हा मोठी रांग न लावता बसायचे, अशी सोय आहे. दाराशी विचारा. सोय तुमच्यासाठी आहे. “राहू दे, तुम्ही जाऊन आलात ना” असे म्हणू नका!

• सामान ठेवायला प्रवेशाजवळ भाड्याची कपाटे मिळतात.

ही शेवटची सूचना अमेरिकेपुरती नाही. पुढच्या सहलीला कोकणात जा, नाहीतर कोपऱ्यावरच्या बागेत. पिशव्या आळीपाळीने सांभाळा, किंवा सगळ्यांनी मिळून उचला. आणि निदान एका फोटोत मधोमध उभ्या राहा. पिशव्या कुठे जात नाहीत हो. बोट मात्र सुटते.