लिहिता लिहिता थांबणारा निरोप

मुठा नदीच्या पाण्यात आणि आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जीवाणू असतो. लांबी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढी. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आपल्याला जेवणातूनच मिळवावं लागतं. हा मात्र ते स्वतः बनवतो. आयतं मिळालं की बनवणं आवरतं घेतो.

त्यासाठीची पाच जनुकं डीएनएवर ओळीनं आहेत. पॉलिमरेज हे एन्झाइम सेकंदाला चाळीस-पन्नास अक्षरं या वेगानं त्यांची आरएनए प्रत काढत जातं. पहिल्या जनुकाआधी 162 अक्षरांचा एक तुकडा आहे आणि खरी जादू तिथेच घडते. जीवाणूत केंद्रक नसल्यानं प्रत निघत असतानाच रायबोसोम तिच्यावर चढतो आणि प्रथिन बांधू लागतो. पत्र लिहून होण्याआधीच कुणी वाचायला घ्यावं, तसं. त्या तुकड्यात फक्त 14 अमिनो आम्लांच्या साखळीचा मजकूर आहे आणि त्यात ट्रिप्टोफॅन लागोपाठ दोनदा येतं.

ट्रिप्टोफॅनची टंचाई असेल तर रायबोसोम नेमका तिथे अडतो. मग आरएनएच्या या तुकड्यातल्या चार भागांपैकी दुसरा भाग तिसऱ्याशी जुळतो आणि पॉलिमरेज बिनधोक पुढे जातं. मुबलक असेल तर रायबोसोम सरळ पुढे येऊन दुसऱ्या भागावरच बसतो. तिसरा भाग आता चौथ्याशी जुळतो. त्यांची घट्ट गाठ आणि पाठोपाठ येणारी यू अक्षरांची रांग यांमुळे पॉलिमरेजची पकड सुटते आणि काम तिथेच संपतं. केवढी ही अक्कल, आणि तीही मेंदूशिवाय!

डीएनएवर बसून सुरुवातच रोखणारं एक प्रथिन आधीच ठाऊक होतं. पण 1970च्या दशकात स्टॅनफर्डला चार्ल्स यानोफ्स्की यांच्या प्रयोगशाळेत जनुकांआधीचा काही भाग गळालेले जीवाणू तपासले, तेव्हा उत्पादन घटण्याऐवजी वाढलं. लगाम आरएनएतच होता.

2002मध्ये तर मातीतल्या बॅसिलस सबटिलिसमध्ये त्याहून साधी तऱ्हा सापडली. तिथे रायबोसोमही लागत नाही. बी-2 जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू थेट आरएनएच्या घडीत जाऊन बसतो आणि ते जीवनसत्त्व बनवणाऱ्या जनुकांची प्रत अर्ध्यातच थांबते. रोझिओफ्लेविन हे प्रतिजैविक याच जागी बसतं: जीवाणूला वाटतं बी-2 भरपूर आहे, आणि तो ते बनवणं थांबवतो.