ग्वाल्हेरचे दोन श्रावण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी आणि हिंदी घरं भिंतीला भिंत लावून आहेत, पण श्रावण दोघांकडे एकाच दिवशी लागत नाही. 2025 मध्ये हिंदी घरांतला सावन 11 जुलैला लागला आणि 9 ऑगस्टला, राखीपौर्णिमेला संपला. मराठी श्रावण 25 जुलैला सुरू होऊन 23 ऑगस्टपर्यंत चालला. त्यामुळे दोन पंचांगांपैकी एकाचं गणित चुकतं, असं अनेकांना वाटतं.

गणित एकच आहे. महिना कुठे संपला म्हणायचं, एवढाच फरक. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून शुद्ध पक्षात महिन्याचं नाव दोघांचं सारखंच असतं, आणि वद्य पक्षात त्यांचं नाव एका महिन्याने पुढे जातं. आपली श्रावण वद्य अष्टमी ही त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. कृष्णजन्म मात्र एकच. आपल्या माघातली महाशिवरात्र त्यांच्या फाल्गुनात येते. त्यांचा करवा चौथ म्हणजे आपल्या आश्विनातली संकष्टी. तिथीचे सण यामुळे जागचे हलत नाहीत. फरक पडतो तो व्रत महिन्यालाच बांधलेलं असेल तिथे, म्हणजे श्रावणी सोमवारांसारख्या व्रतांत. त्यातही मधल्या सामाईक पंधरवड्यातले सोमवार दोघांचेच असतात. सासर-माहेरच्या रीती वेगळ्या असलेल्या घरांत यावरून वाद होतात, ते खरोखर अनाठायी आहेत.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीने होतात, हा समज तर शिकलेल्यांतही आढळतो. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. त्यातला किती आपल्याला दिसतो, ते रोज बदलतं. सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात.

तिथी म्हणजे चोवीस तास, हेही खरं नाही. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी 29 दिवस 12 तास 44 मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात तीस तिथी बसवायच्या असतात. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. त्याची गती कमी-जास्त होते, म्हणून तिथी साधारण 19 ते 26 तासांची असते. क्षय तिथी आणि वृद्धी तिथी यातूनच येतात. पंचांगकर्त्यांच्या मर्जीचा त्यात काही भाग नाही.

तिथी संपण्याचा क्षण देशभर एकच असतो. चंद्रोदय मात्र गावागणिक वेगळा. ग्वाल्हेर पुण्याच्या चार अंशांहून अधिक पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर एवढ्यानेच सुमारे 17 मिनिटांचा फरक पडतो. अक्षांश आणि चंद्राची जागा यांमुळे तो आणखी वाढतो किंवा घटतो. तेव्हा महाराष्ट्रातून आणलेल्या दिनदर्शिकेत पुण्या-मुंबईचीच वेळ छापलेली असेल, तर तिच्यावर संकष्टीचा उपास सोडू नका. ग्वाल्हेरचा चंद्रोदय पाहा.