परदेशातील बँक खाते आणि न दिसणारा खर्च



गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातील कितीतरी घरांतून मुले परदेशी निघाली आहेत. कोणी टिळकवाडीतून जर्मनीला शिकायला, कोणी निपाणीहून इंग्लंडला, तर कोणी खानापूरकडून दुबईला नोकरीसाठी. व्हिसा, विमानाचे तिकीट, थंडीचे कपडे, शेंगदाण्याची चटणी, कुंद्याचा डबा या सगळ्याची तयारी दोन महिने चालते. बँक खात्याचा विषय मात्र मूल तिकडे पोहोचल्यावर निघतो. तोपर्यंत काही हजार रुपये विनाकारण गेलेले असतात.

आम्ही बँकेत ३४ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. निवृत्तीनंतरही पालक कागद घेऊन घरी येतात. त्यांच्या प्रश्नांवरून एक गोष्ट वारंवार दिसली. बँक जो आकार पावतीवर लिहिते, त्यावर आपण भांडतो. जो लिहीत नाही, तो गुपचूप भरतो, आणि बहुतेक वेळा तोच मोठा असतो. म्हणून हा लेख.

एका पावतीची गोष्ट

निपाणीकडचे एक पालक एकदा पावती घेऊन आले. मुलगा जर्मनीला निघाला होता. विद्यार्थ्याला व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम तिथल्या बंद खात्यात आधी भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिकडे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. पालकांची तक्रार जीएसटीबद्दल होती. "एवढा कर कशाला लावला?" असा त्यांचा प्रश्न.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. समजण्यासाठी आकडे गोल धरू. युरोचा बाजारभाव १०० रुपये आणि बँकेने लावलेला भाव १०२ रुपये. म्हणजे ११,९०४ युरोंवर फक्त भावातला फरक झाला २३,८०८ रुपये. आणि जीएसटी? चलन बदलताना तो पूर्ण रकमेवर लागत नाही. १० लाखांच्या वर ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेच्या ०.१ टक्का, एवढ्यावरच १८ टक्के लागतो. या व्यवहारात तो सुमारे १,०२८ रुपये येतो. हजार रुपयांसाठी ते चिडले होते, आणि तेवीस हजारांकडे त्यांचे लक्षच नव्हते. तो आकडा पावतीवर खर्च म्हणून छापलेलाच नसतो.

तेव्हा पैसे पाठवण्याआधी पहिला प्रश्न "सेवाशुल्क किती?" हा नको. "माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि तिकडे नेमके किती युरो जमा होतील?" हा हवा. एकाच दिवशी दोन-तीन बँकांना हाच प्रश्न विचारा. मोठ्या रकमेला भाव कमी करून मागता येतो. मागणाऱ्यालाच तो मिळतो, हे आम्ही काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

पैसे पाठवताना

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. त्यासाठी पॅन आणि ए-२ फॉर्म लागतो. विदेशी चलनाचे काम प्रत्येक शाखेत होत नाही. आपल्या भागात पुष्कळांचे व्यवहार पतसंस्थेत किंवा सोसायटीत असतात. तिथून परदेशी पैसे जात नाहीत. आधी रक्कम अधिकृत बँकेत आणावी लागते. ठेव मोडायची वेळ व्हिसाच्या तारखेशी जुळवून घ्या, नाहीतर मुदतीआधी मोडल्याचे व्याज बुडते.

स्विफ्टने पैसे पाठवताना वाटेत दुसरी बँकही आपले शुल्क कापते. फॉर्मवर तीन पर्याय असतात: सर्व शुल्क पाठवणाऱ्याचे, दोघांत वाटून, किंवा सर्व घेणाऱ्याचे. विद्यापीठाची फी भरताना पहिला पर्याय घ्या. नाहीतर तिकडे २० डॉलर कमी पोहोचतात आणि फी अपुरी भरली म्हणून पत्र येते.

दर महिन्याला थोडे थोडे पाठवण्याची सवयही महाग पडते. समजा एका खेपेला सगळे मिळून २,५०० रुपये ठराविक खर्च येतो. बारा खेपांना ३०,००० झाले. तिमाहीला एकदा पाठवले तर १०,०००. मुलाला पैसे जपून वापरता येत असतील, तर वीस हजार घरातच राहिले.

टीसीएस म्हणून कापली जाणारी रक्कम हे शुल्क नाही, हेही लक्षात असू द्या. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर मुळीच लागत नाही. ही मर्यादा प्रत्येक पाठवणाऱ्याला वेगळी असते. आई आणि वडील दोघांचे स्वतःचे पैसे असतील, तर दोघांनी आपापल्या खात्यातून पाठवावे. कापला गेलाच तर आयकर विवरणपत्र भरून तो वळता करता येतो. पण विवरणपत्रच भरले नाही, तर पैसे सरकारजमा राहतात. उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्या शेतकरी पालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

नाव आणि गाव

आता आपल्या सीमाभागाची खास अडचण. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जुन्या कागदांवर इंग्रजीत बेलगाम, नव्यावर बेळगावी. निपाणी आधी चिक्कोडी तालुक्यात होती, आता स्वतंत्र तालुका आहे. म्हणजे एकाच घराचे दोन पत्ते. दहावीच्या गुणपत्रिकेवर कोणाच्या नावापुढे नुसती अद्याक्षरे, तर पासपोर्टवर पूर्ण नाव आणि आडनाव.

इथल्या कारकुनाला हे सारे ठाऊक असते. फ्रँकफुर्टच्या बँकेला ठाऊक नसते. नाव जुळले नाही तर आलेली रक्कम परत जाऊ शकते. जाताना एकदा आणि येताना एकदा, असे दोनदा चलन बदलते आणि दोन्ही वेळा तोटा आपला. म्हणून निघण्यापूर्वी पासपोर्ट, पॅन, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून वाचा. पासपोर्टवरचे नाव प्रमाण माना आणि बाकीचे त्याप्रमाणे करून घ्या. कन्नडमधील दाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर इथूनच करून न्या.

तिकडचे खाते

प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे. तरी खाते उघडताना चार प्रश्न सगळीकडे विचारावेत: महिन्याचे शुल्क आहे का? किमान शिल्लक किती? कोणत्या एटीएममधून पैसे फुकट निघतात? विद्यार्थी म्हणून मिळालेली सवलत कोणत्या वयाला किंवा तारखेला संपते?

जर्मनीत राहण्याच्या पत्त्याची नोंदणी केल्यावर पुढची कामे सोपी होतात. बंद खात्यातले पैसे घ्यायला एक चालू खाते वेगळे लागते. युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असणाऱ्याला साधे मूलभूत खाते मिळण्याचा हक्क २०१४ च्या निर्देशाने दिला आहे. "तुम्ही नवीन आहात" एवढ्या कारणावर कोणी परत पाठवले, तर मुलांनी हा हक्क नम्रपणे सांगावा.

इंग्लंडमध्ये विद्यापीठाचे पत्र घेऊन जावे. साधे चालू खाते, शिल्लक उणे झाली नाही तर, बहुतेक ठिकाणी विनाशुल्क असते. विमा, प्रवास सवलत वगैरे जोडलेले मासिक शुल्काचे खाते गळ्यात पडू देऊ नये.

अमेरिकेत अनेक खात्यांना मासिक शुल्क असते, पण किमान शिल्लक किंवा पगार जमा होत असेल तर ते माफ होते. तिथला मोठा खर्च शिल्लक नसताना झालेल्या व्यवहाराचा. एटीएम आणि एकेका कार्ड खरेदीवर असे शुल्क लावण्याआधी बँकेला ग्राहकाची संमती घ्यावी लागते. फॉर्मवर त्या चौकटीत खूण करू नका, असे मुलांना सांगा. पैसे नसतील तर कार्ड चालणार नाही, एवढेच होईल.

दुबईत पगार २००९ पासून सरकारी वेतन प्रणालीतून बँकेमार्फत जमा होतात. कंपनीने खाते उघडून दिले, तरी किमान शिल्लक आणि ती घसरल्यावरचा दंड स्वतः विचारून घ्यावा. नोकरी सुटली की पगाराच्या खात्याची सवलतही सुटू शकते.

आणि एक कळकळीचे सांगणे. "तुझ्या खात्यात थोडे पैसे येऊ दे, काढून मला दे, तुला काहीतरी देतो" असे म्हणणारा मित्र नसतो. खाते वापरायला देणे हा गुन्हा ठरू शकतो. अशा प्रकारात दंडावर भागत नाही, व्हिसा आणि शिक्षण दोन्ही जाऊ शकते.

भारतातले कार्ड तिकडे

पहिले काही दिवस इथलेच कार्ड वापरावे लागते. समजा त्यावर साडेतीन टक्के जादा आकार आहे. ४०,००० रुपयांच्या खर्चावर १,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, म्हणजे महिन्याला १,६५२ रुपये. वर्षभर असेच चालले तर जवळपास वीस हजार. तिकडचे खाते लवकर उघडायचे ते यासाठी.

दुकानात किंवा एटीएमवर यंत्र विचारते, "रुपयांत की युरोत?" रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून मुले तोच निवडतात. तिथे भाव यंत्रवाल्याचा लागतो आणि तो बहुधा वाईट असतो. नेहमी त्या देशाचे चलन निवडावे.

इथले खाते

फेमा कायद्याप्रमाणे परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थीसुद्धा अनिवासी धरला जातो. त्याचे इथले साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते. पुष्कळ घरांत हे राहून जाते.

दोन खात्यांतला फरक सोपा आहे. इथले उत्पन्न, म्हणजे घरभाडे, ठेवीचे व्याज, हे एनआरओमध्ये जमा होते. त्याच्या व्याजावर ३० टक्के आणि अधिभार, उपकर अशी कपात होते. तिकडची कमाई इथे पाठवायची तर एनआरई. त्याचे व्याज करमुक्त असते आणि पैसे परत नेण्यास अडकाठी नाही. एनआरओमधून ठरलेले कागद देऊन वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात. मुलाने कमाई एनआरओत पाठवली, तर तिच्या व्याजावर विनाकारण कर कापला जातो. दोन्ही खात्यांत जवळच्या निवासी नातेवाइकाचे नाव 'पहिला किंवा हयात' या पद्धतीने जोडता येते.

अमेरिकेतल्या मुलांच्या पालकांनी आणखी एक पाहावे. आपण प्रेमाने सगळ्या ठेवींवर मुलाचे नाव घालतो. पण अमेरिकेत कर भरणाऱ्याला देशाबाहेरील सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर तिथल्या सरकारला कळवावी लागते. त्यात तुमची संयुक्त ठेवही येते. मुलाला हे माहीतच नसेल, तर दंडाची वेळ येऊ शकते. नावे कुठे आहेत, याची यादी त्याला पाठवा.

परत येताना

शेवटी आमच्याच घरची गोष्ट. आमचा मुलगा इंग्लंडहून शिकून आला. येण्याच्या गडबडीत तिथले खाते तसेच राहिले. ते महिना १२ पौंडांचे, विमा जोडलेले खाते होते. चौदा महिन्यांनी लक्षात आले, तोवर १६८ पौंड गेले होते. आयुष्यभर दुसऱ्यांची खाती सांभाळलेल्या माणसाच्या घरात हे घडले. चूक बँकेची नव्हती. आम्ही मुलाला विमानतळावर "पासपोर्ट घेतलास ना?" एवढे विचारले, खाते बंद केलेस का, हे विचारले नाही.

म्हणून परत येण्याच्या महिनाभर आधी घराची अनामत आणि शेवटचा पगार जमा होऊ द्यावा, खाते बंद करावे आणि बंद केल्याचे पत्र घ्यावे. तिथे कमावलेले पैसे असलेले खाते भारतात परतल्यावरही ठेवता येते. पण मग आयकर विवरणपत्रात ते दाखवायला विसरू नये.

आपल्या भागात कोणी तंबाखूच्या पैशातून, कोणी प्लॉट गहाण ठेवून, कोणी फाउंड्रीतल्या पगारातून मुलांना पाठवतो. तो पैसा बँकेच्या भावात आणि दंडात झिरपू नये, एवढीच इच्छा. नियम आणि दर बदलत असतात, तेव्हा पाठवण्याच्या दिवशी पुन्हा विचारा. आणि पावती समजली नाही तर मंडळात घेऊन या. आम्ही चष्मा पुसून तयार आहोत.