घोड्याचा पहिला शिक्षणवर्ग
आपला घोडा घेऊन प्रथमच शिक्षणवर्गास जाणारा स्वार खोगीर चकाकवितो, लगाम तपासतो; वाहनाची आठवण मात्र त्यास निघण्याच्या सकाळीं होते. खरी परीक्षा तेथेंच आहे. घोडा हा पळून जीव वाचविणारा प्राणी. अंधाऱ्या, पायाखालीं पोकळ वाजणाऱ्या पेटींत तो निमूटपणें कसा चढणार? यास्तव कांहीं आठवडे अगोदरपासून त्यास रोज थोडा वेळ चढवावें, उतरवावें. त्या सकाळीं चाबकानें हें साधत नाहीं. घरचें गवत बरोबर न्यावें. चारा एकाएकीं बदलल्यास पोटशूळ उठतो, आणि घोड्यास वांति होत नसल्यानें तो जिवावर बेतूं शकतो. कित्येक घोडे परकें पाणी तोंडींहि लावीत नाहींत. पहिला तास आवारांत नुसतें फिरविण्यांत गेला, तरी शुल्क वाया गेलें असें स्वारानें समजूं नये.